पाणाड्याच्या घरचं पाणी

उन्हाळा चढला तसं विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि दोर आखूड पडायला लागले. बायकांनी जुन्या दोरांचे तुकडे जोडून गाठी मारल्या. गाठ रहाटावर आली की बादली हिसका द्यायची आणि निम्मं पाणी परत विहिरीत. मग शिव्या सुरू. शिव्या उन्हाला, दोराला, नवऱ्याला, पुढच्या बाईला. ज्यानं विहीर खणली त्या पाणाड्याला मात्र चुकूनही कुणी नाव ठेवत नसे.

पाणी कुठं लागेल ते सांगणारा तो पाणाड्या, पण हा म्हातारा नुसता सांगून मोकळा होणारा नव्हता. सांगायचा आणि स्वतः खणायचा. ही विहीर त्यानं ऐन तरुणपणी खणली होती आणि मुलाच्या लग्नाच्या वर्षी काळा पाषाण फोडून आणखी खोल नेली होती. तिथं जो झरा फुटला त्यानं गल्लीची ददात मिटली. तेव्हापासून पहाटेची पहिली बादली वर आली की पाणाड्या ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, दोन्ही गालांत फिरवायचा, गिळायचा आणि म्हणायचा, "भरा." त्याचं 'भरा' आल्याशिवाय कुणी भरत नव्हतं. ज्यानं खणली त्यानं आधी प्यायची, हा त्याच्या धंद्याचा नेम होता आणि गल्लीला तो पटलेला होता.

त्याची सून त्याच रांगेत उभी राहायची, दोन घागरी भरायची आणि घरी न्यायची. त्या घागरींतलं पाणी धुण्याभांड्याला आणि नवऱ्याच्या दुकानात जायचं. प्यायच्या माठात ती दुसरंच पाणी ओतायची, आणि हे तिला आणि तिच्या नवऱ्याला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं.

सून हसताना तोंडावर हात धरायची. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, घासून न जाणारे. तिच्या माहेरी सगळ्यांचेच दात तसे. तिथली म्हातारी माणसं हाक मारली तर मान वळवून बघत नसत, अख्खं अंग वळवत. तिच्या बापाला शेवटी शेवटी स्वतःच्या पायाची नखं काढता येत नव्हती. पुढं कधीतरी डॉक्टर आले आणि म्हणाले, खोल खडकातल्या पाण्यानं हे होतं. दिसत नाही, वास नाही, चवीला लागत नाही. तोवर बाप गेला होता.

लग्न होऊन ती या घरात आली आणि काही वर्षांनी एकदा गल्लीतली पोरं दात काढून हसली. ती जागच्या जागी थिजली. विहीर खोल गेल्यानंतर ज्यांना दात आले त्यांच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके होते. तिच्या पट्ट्यांची सुरुवात तशीच होती.

पोटात पोर राहिलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "मला दुसरं काही नको. फिल्टर पाहिजे. नुसता गाळ अडवणारा मेणबत्तीचा चालणार नाही, हे पाणी आतून धुणारा पाहिजे."

नवऱ्याचं घराच्या पुढच्या खोलीत मोटारी भरायचं, जळकी तार काढून नवी गुंडाळायचं दुकान. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटारी, पंखे, जे जळेल ते. माणूस हाताचा चांगला, पण बापापुढं त्याची मांजर व्हायची.

"बाबांना काय सांगू? तुमच्या विहिरीचं पाणी विष आहे?"

"विष म्हणू नका. पण काहीतरी सांगा."

त्यानं काहीच सांगितलं नाही. दुकानात पाठीमागच्या भिंतीला, तारांची रिळं टांगायच्या फळीखाली त्यानं फिल्टर बसवला, वर विहिरीच्या पाण्याचं पिंप ठेवलं आणि पुढं जाड पडदा ओढला. पंप दुरुस्त झाला की तो चालवून बघायला दुकानात एक टाकी होती. फिल्टर जे खराब पाणी बाहेर टाकायचा ते त्या टाकीत जायचं. गटारात थेंब नाही, कुणाला संशय नाही. घरघर ऐकू आली तरी मोटारींच्या दुकानात घरघर नाही तर काय बासरी वाजणार? आणि म्हातारा दुकानात पाऊल ठेवत नसे. "तुझ्या मोटारी माझ्या विहिरी पितात," हे त्याचं म्हणणं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सून रोज सकाळी पडद्यामागून कळशी भरायची आणि माठात ओतायची. माठाचा मातकट वास पाण्याला लागायचा, आणि वर्षानुवर्षं तंबाखू चघळलेल्या जिभेला तेवढं पुरायचं. म्हातारा तांब्या रिकामा करून ओठ पुसायचा आणि म्हणायचा, "पाणी आहे का काय आहे! खणली ती उगीच नाही."

ती मान खाली घालून हातातलं काम करत राहायची.

---

गाळ काढायला गल्लीतले सगळे जमले. पाणाड्या स्वतः खाली उतरला, या वयात, कमरेला दोर बांधून. खालून तो फावड्यानं पाटी भरायचा आणि दोर हलवायचा. वर सून आणि शिवणवाली रहाट ओढायच्या. ओला काळा गाळ पाटीतून गळून मनगटावरून कोपरापर्यंत यायचा आणि उन्हात तिथंच वाळायचा.

शिवणवाली समोरच्या घरात राहायची. नवरा परमुलखात कामाला, वर्षाकाठी एकदा तोंड दाखवायचा. ही पायमशीन चालवून घर ओढायची. तिची मुलगी आणि सुनेचा मुलगा एकाच पावसाळ्यात जन्मलेले. मुलगा त्या वेळी विहिरीभोवती उंडारत होता. मुलगी कट्ट्यावर बसून होती. ती चालली की तिचे गुडघे एकमेकांना घासायचे, म्हणून ती बसणंच पसंत करायची. तिला सगळे बाहुली म्हणत.

"काल नर्सबाई येऊन गेली," शिवणवाली दोर ओढता ओढता म्हणाली. "हिचे पाय बघितले, दात बघितले. म्हणाली, पाणी बदला. फिल्टर घ्या."

सुनेच्या हातातून दोर थोडा सटकला. तिनं तो पुन्हा धरला.

"मग?"

"मग काय मग? फिल्टर घेऊ का मशीनला मोटार बसवू? दोन्ही एकदम होत नाही. माझी पिंढरी बघ, दगड झालीय पाय मारून मारून. मोटार बसली तर दुप्पट शिवीन. नर्सबाई काय, तिला सांगायला काय जातंय."

"ती शिकलेली आहे पण."

"शिकलेली आहे, मान्य. पण मी तिला म्हटलं, पाणाड्याच्या घरात तेच पाणी पितात. त्यांच्या नातवाचे दात बघ जाऊन. मोत्यासारखे. ती गप्प बसली." शिवणवालीनं पाटी कट्ट्यावर उलटी केली. "खरं की नाही? पाण्यात काही असतं तर आधी तुमच्या घरात दिसलं असतं."

खालून दोर हलला. सून म्हणाली, "ओढ, भरली पाटी."

"तू सांग ना. तू माझ्या जागी असतीस तर काय घेतलं असतंस?"

"मला त्यातलं काय कळतं बाई," सून म्हणाली आणि दोर ओढायला वाकली. खाई त्याला खवखवे. दिवसभर तिनं शिवणवालीकडं सरळ बघितलं नाही.

---

दुसऱ्या आठवड्यात फिल्टर विकणारा आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत पेटी. विहिरीच्या कट्ट्याजवळ त्यानं घडीचं टेबल मांडलं, काचेचे दोन पेले ठेवले. एकात रहाटाच्या बादलीतलं पाणी, दुसऱ्यात आपल्या बाटलीतलं. मग वायरीचा एक डबा काढला, त्याला लोखंडी काड्या. वीज शेजारच्या घरातून घेतली.

"बघा हां मावशी, लांबून बघा, हात लावू नका."

काड्या दोन्ही पेल्यांत बुडाल्या. विहिरीचं पाणी आधी पिवळं झालं, मग गंजाच्या रंगाचं, मग त्यावर शेवाळासारखा घाणेरडा थर आला. बाटलीतलं तसंच निवळ राहिलं.

बायका मागं सरकल्या. कुणीतरी "शी शी" केलं. एकीनं पदर तोंडाला लावला.

"हे रोज पोटात जातं," विकणारा म्हणाला.

पाणाड्या कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होता. त्यानं ती तशीच झटकून टाकली. उभा राहिला तेव्हा त्याच्या मानेची शीर दिसत होती.

"ए, पाहुण्या. तुझ्या काडीतच घाण असेल."

आता हे त्याचं अगदीच खोटं नव्हतं. काड्या लोखंडाच्या, क्षारांच्या पाण्यात वीज खेळली की त्याच झिजून पाणी गढूळ करत होत्या, आणि तो सगळा खेळच होता. विहिरीत जे खरं वाईट होतं ते त्या खेळात दिसलंच नव्हतं. पण गर्दीला हे कोण सांगणार? सुनेच्या नवऱ्याला, मोटारवाल्याला, विजेतलं कळत होतं, आणि तो दुकानाच्या दारात पाना हातात धरून, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा होता.

"आजोबा, काडी दोन्हींत एकच आहे," विकणारा हसून म्हणाला.

"थांब. हलू नकोस इथून."

म्हातारा तरातरा घरात गेला. सुनेला कळलं तो कशाला गेला. तो माठातून तांब्या भरून घेऊन आला, सगळ्यांच्या देखत तिसऱ्या पेल्यात ओतला.

"हे माझ्या घरचं. याच विहिरीचं. सून रोज भरते, तुम्ही सगळ्या बघता. बुडव काडी."

विकणाऱ्यानं काड्या बुडवल्या. लोक टाचा उंचावून बघत होते. पाणी जरासं पिवळसर झाल्यासारखं वाटलं, आणि तेवढंच. पेल्याच्या पलीकडचं बोट दिसत होतं.

गर्दीत आरोळीच उठली. पाणाड्यानं नातवाला दंडाला धरून पुढं ओढलं, बाजारात जनावराचा दात दाखवतात तसा त्याचा ओठ वर केला. "बघा! आणि हा काय दूध पिऊन वाढला? निगा राखली की विहिरीचं पाणी असं राहतं. माझा माठ रोज घासतात. तुमचे माठ बघा जाऊन!" पोरगा आजोबाच्या बोटाला चावायचा प्रयत्न करत होता. लोक हसून हसून बेजार झाले.

विकणारा हसला नाही. त्यानं पेला उचलून उजेडात धरला, काड्या पुसून पुन्हा बुडवून बघितल्या. मग गर्दीवरून नजर फिरवली आणि ती नेमकी सुनेवर येऊन थांबली.

"बाई, हे फिल्टरचं पाणी आहे. तुम्हीच भरता ना? खरं सांगा."

सगळ्यांनी वळून तिच्याकडं बघितलं. सासरा बघत होता, छाती काढून. नवरा बघत होता, रंग उडालेला. शिवणवाली बाहुलीला कडेवर घेऊन अगदी पुढं उभी होती. एवढी मोठी पोर कडेवर, तिचे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

"विहिरीचंच आहे," सून म्हणाली.

विकणाऱ्यानं टेबल घडी केलं. पोरं त्याच्या मागं हुर्यो करत रस्त्यापर्यंत गेली.

---

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा जेवता जेवता म्हणाला, "वाचलो."

"कोण वाचलं?"

"आपण. बाबा."

"आणि ती बाहुली?"

"आपण काय तिला पाणी पाजतो का? नर्सनं सांगितलंय, तिच्या आईनं ऐकायचं का नाही ते ती बघेल."

"ती आपल्या घराकडं बघून ऐकत नाहीये."

त्यानं भाकरी मोडली. मग तो म्हणाला, "बाबांची सगळी पत त्या विहिरीत आहे. ती गेली तर म्हातारा अंथरूण धरील. थोडे दिवस गप्प बस. सगळं निवळेल."

"काय निवळेल? हाडं?"

तो उठून हात धुवायला गेला. तिला बापाची आठवण झाली, नखं वाढलेला त्याचा पाय आपण मांडीवर घेत होतो ती. तेव्हाही सगळे म्हणायचे, निवळेल. तिला नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. 'विहिरीचंच आहे.' किती सहज निघालं होतं तोंडातून.

पाणाड्याचा मात्र त्या दिवसापासून तोरा वाढला. पहाटे ओंजळ घेतली की 'भरा'च्या आधी तो एक गोष्ट सांगायचा, पेल्याची. ज्या दोन घरांनी फिल्टर बघून ठेवले होते त्यांनी बेत रद्द केला. विहिरीवर बायका सुनेला विचारायला लागल्या, माठ कशानं घासतेस गं, राखेनं का वाळूनं? आणि ती सांगायची, राखेनं.

---

शिवणवाली दुकानात आली तेव्हा उन्हं कलली होती. एका हाताला बाहुली, दुसऱ्या हातात रुमालाची गाठ. नवरा एका पंपाची जळकी तार उपसत बसला होता. सून टाकीवरचा गंज खरवडत होती. आणि नेमका पाणाड्याही दारात होता. विहिरीचा तळ आणखी फोडायचा तर आधी पाणी उपसायला पंप हवा, म्हणून अडला हरी कधी नव्हे तो दुकानाशी आला होता, पण उंबऱ्याच्या आत येत नव्हता.

"भाऊजी, मोटार बसवा," शिवणवाली म्हणाली आणि रुमालाची गाठ फळीवर ठेवली. "ठरलं माझं. पाणाड्यांनी त्या दिवशी डोळे उघडले. नर्सचं ऐकून पैसे पाण्यात गेले असते."

"शहाणी आहेस," म्हातारा दारातून म्हणाला.

मोटारवाल्यानं रुमालाकडं बघितलं, हात लावला नाही. बाहुली भिंतीला टेकली, टेकता टेकता घसरून खाली बसली आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळायला लागली. तक्रार नाही, काही नाही. सवयीनं चोळत होती, जशी बाई सवयीनं दळण निवडते.

सुनेनं पोलादी ब्रश खाली ठेवला.

"मोटार नको घेऊ," ती म्हणाली.

"का गं?"

"अगं ए," नवरा म्हणाला.

तिनं रिळांखालचा पडदा एका बाजूला ओढला. पांढरा फिल्टर, धुळीनं कडा पिवळ्या झालेल्या, त्याच्या लहानशा तोटीखाली अर्धी भरलेली कळशी. दुकानात क्षणभर नुसती त्याचीच घरघर ऐकू आली.

"आम्ही हे पितो," सून म्हणाली. "त्या दिवशी पेल्यात हेच होतं. मी खोटं बोलले."

शिवणवाली फिल्टरकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "कधीपासून?"

"मी पोटुशी होते तेव्हापासून."

"पोटुशी." शिवणवाली सावकाश म्हणाली. "तू आणि मी एकदमच पोटुश्या होतो. ह्या रहाटावर शेजारी उभ्या राहून भरायचो. माझी घागर तू डोक्यावर चढवायचीस."

"हो."

"पाण्यात काय आहे ते तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"आणि घागर चढवायचीस."

सुनेनं मान हलवली.

पाणाड्या उंबरा ओलांडून आत आला. त्याचा विश्वास बसत नव्हता. तो सुनेला नाही, मुलाला म्हणाला, "हे असलं काही नाही. मला कळलं नसतं? माझ्या जिभेला? दोन्ही दे इकडं."

"बाबा, राहू द्या."

"दे म्हणतो ना!"

मोटारवाल्यानं दोन पेले भरले. एक तोटीचा, एक वरच्या पिंपातला, थेट विहिरीचा. म्हाताऱ्यानं पहिला तोंडाला लावला, घोट गालांत फिरवला, गिळला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. बराच वेळ लागला त्याला.

"हे विहिरीचं," तो शेवटी म्हणाला आणि एक पेला पुढं केला.

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं. 'हो' म्हण, असं त्याचे डोळे म्हणत होते. हो म्हटलं असतं तर निदान जीभ तरी म्हाताऱ्याची राहिली असती.

"नाही मामंजी," सून म्हणाली. "ते फिल्टरचं."

पाणाड्यानं दोन्ही पेले फळीवर ठेवले, अगदी जपून. त्याचे हात मोठे होते, नखांत अजून गाळ होता. ते हात कुठं ठेवायचे हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं ते पाठीमागं बांधले.

"मी तर रोज सांगत होतो," तो म्हणाला. "भरा म्हणून."



शिवणवालीनं रुमालाची गाठ मोटारवाल्याकडं सरकवली. "भाऊजी, ह्या यंत्राचे काय होतात ते यातून धरा. वापरलेलं आहे, त्याचं काय ते कमी करा. उरले तर परत द्या, कमी पडले तर कपडे शिवून फेडीन. आणि आजच्या आज माझ्या भिंतीला बसवा."

"पैसे नकोत," सून म्हणाली.

"तुझं फुकट मला नको." तिनं पहिल्यांदाच आवाज चढवला. "तुझं काहीच नको मला."

मग ती वाकली, बाहुलीला उचलून कडेवर घेतली आणि निघून गेली. बायको म्हणाली, "पाना घ्या," तेव्हा मोटारवाला उठला.

दिवस मावळायच्या आत फिल्टर भिंतीवरून उतरला. नवरा-बायकोनं तो दोन बाजूंनी धरून गल्लीतून समोरच्या घरी नेला. रहाटावरच्या बायकांनी दोर थांबवून बघितलं. एकीनं विचारलं, "कुणाचा गं हा?" सून म्हणाली, "आमचा होता." आणि चालायचं न थांबवता बाकीचंही सांगितलं. मागं रहाट बराच वेळ फिरला नाही.

मोटारवाल्यानं शिवणवालीच्या छपरावर पाण्याचं पिंप चढवलं, नळी खाली आणली, वाया जाणाऱ्या पाण्याला धुण्याची बादली लावली. "एक भरायला तीन जातात," त्यानं सांगितलं. "ती धुण्याला घ्या. आतलं गाळणीचं पुडकं वर्षाला बदलावं लागतं, मी बदलून देत जाईन. नाही बदललं तर भिंतीला नुसतं शोभेला." शिवणवालीनं ऐकून घेतलं, आणि परत परत विचारून नीट ध्यानात ठेवलं. नवा फिल्टर आणायला त्याला महिना तरी लागणार होता. तोवर नातवासाठी पाणी कुठून आणायचं हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही.

सकाळी सून कळशी घेऊन निघाली तेव्हा पाणाड्यानं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"मी जातो," तो म्हणाला.

गल्ली ओलांडून तो समोरच्या दारात उभा राहिला. आत मशीन खडखडत होतं, पायानं चालवलेलं, थांबत थांबत. बाहुली चटईवर बसून चिंध्या निवडत होती. तोटीखाली एक तांब्या लावलेला होता आणि त्यात बोटाएवढीही नाही अशी बारीक धार पडत होती.

"पोरी, एवढी कळशी," म्हातारा म्हणाला.

शिवणवालीनं टाका तोडला, दातांत धरलेली सुई काढून कापडाला टोचली. त्याच्याकडं बघितलं नाही.

"थांबा. आधी हिचं भरू दे."

"थांबतो," पाणाड्या म्हणाला आणि कळशी पायाशी ठेवून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.